बादलीतली जाखाई

मंगळवार म्हणालो का मी? मग ते सोडून द्या, कारण मंगळवार होता की शुक्रवार हे मला आता छातीठोकपणे सांगता येणार नाही — देवीचा वार होता एवढं नक्की, आणि तेही कशावरून नक्की, तर चंद्राबाई न्हाऊन, केसांना पंचा गुंडाळून परड्यात उभ्या होत्या असं मला डोळ्यांसमोर दिसतं, आणि त्या डोक्यावरून न्हातात देवीच्या वारीच. पण पंचा होता का? की पंचा मी नंतर घातला? किमया म्हणते, बाबा, तुम्ही आठवत नाही, तुम्ही जुळवता. किमया म्हणजे माझी मुलगी, बाणेरला असते. तिच्याकडेच राहायला जायचं ठरलंय माझं, ह्या रविवारी, म्हणून तर हे मशिन तुम्हाला मिळतंय. मागे एकदा मी गॅसवर दूध ठेवून नदीच्या पुलापर्यंत फिरायला गेलो, तेव्हापासून तिचं चाललंय — हे नांदे गाव सोडा, माझ्याकडे या. तिचं चूक आहे असं मी म्हणत नाही. दूध जळलं हे खरंच आहे. दुसऱ्या कुणी 'जाऊ नका' म्हटलं असतं तर वेगळी गोष्ट, पण म्हटलं नाही, म्हणजे सरळ म्हटलं नाही — ते जाऊ द्या. बसा ना, जस्मीन मॅडम. तो स्टूल नको, तो — तो त्यांचा आहे. खुर्चीवर बसा. तुमचा भाऊ खाली टेम्पोत थांबलाय ना, त्यालाही वर बोलवा, रफीक ना नाव? नाही येत? बरं. मी हसतोय का? दुर्लक्ष करा. सकाळपासून असंच चाललंय. दात घासताना हसू आलं तर अर्धी पेस्ट आरशावर. चहा केला, तुम्ही यायच्या आधी, आणि गाळताना कळलं की पाणी, दूध, साखर, आलं सगळं आहे, चहाच नाही त्यात. प्यालो तसाच. बरा होता.

तर मशिन. तुमच्या कॉलेजच्या लॅबला हे उत्तम चालेल, त्याबद्दल शंका बाळगू नका — म्हणजे मी बाळगतो, पण ती माझी सवय आहे, मशिनचा दोष नाही. ही तबकडी, हा वेग कमीजास्त करायचा खटका, ही वरून पाण्याची नळी. मी जन्मभर हेच केलं. लोक विचारायचे, तुम्ही डॉक्टरेट कशात केलीत, मी म्हणायचो, घासण्यात. धातूचा तुकडा कापायचा, रेझिनमध्ये बसवायचा म्हणजे हातात नीट धरता येतो, आणि मग पॉलिश पेपरवर घासायचा. आधी खरखरीत, मग त्याहून बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी मखमलीवर, हिऱ्याच्या पेस्टनं, असा आरसा होईपर्यंत. मग मायक्रोस्कोपखाली ठेवला की धातू आतून कसा आहे ते दिसतं. आणि ह्यात गोम काय आहे, तुम्हाला ठाऊकच असेल, तुमची मुलं मात्र हमखास विसरतात — पेपर बदलला की तुकडा काटकोनात फिरवायचा. का? तर नव्या पेपरचे चरे उभे पडतात, जुन्याचे आडवे दिसत राहतात. जुने सगळे गेले की मगच पुढचा पेपर. आणि मधे हात धुवायचे, तुकडा धुवायचा, नखंसुद्धा, कारण मागच्या पेपरचा एक कण जरी पुढे आला तरी आरशावर अशी रेघ ओढतो की रडू येतं. मी चंद्राबाईंना हे समजावून सांगितलं होतं, असंच, ह्याच उत्साहानं, तर त्या काय म्हणाल्या माहितीय? 'म्हंजी वरखडं घालवायला नवं वरखडं पाडायचं, आन् ते घालवायला आनखी नवं. आन् ह्याचा तुमी पगार घेत हुता?' मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, 'सरकारला ठावं हुतं का?'

चंद्राबाई ह्या माझ्या घरमालकीण. खाली राहतात त्या. मी वर, त्या खाली, त्यांचा मुलगा अमोल आणि सून मागच्या नव्या इमारतीत, तिथल्या खोल्या हिंजवडीच्या आयटीतल्या पोरांना दिल्यात. पलीकडची जमीन विकली, त्यावर ते टॉवर आले, पण हे घर आणि हे परडं त्यांनी विकू दिलं नाही. का, तर परड्यात देवी आहे. जाखाई. तुम्ही जिन्यानं वर येताना उजव्या हाताला उंबर लागला ना, त्याच्या पलीकडे, चौथऱ्यावर. देवी म्हणजे मूर्ती नाही, नाक नाही डोळे नाहीत, नुसता तांदळा — गुडघ्याएवढा गोल दगड, आणि त्यावर वर्षानुवर्षं तेलात कालवून लावलेला शेंदूर. एवढा जाड थर की दगड कुठे संपतो आणि शेंदूर कुठे सुरू होतो हे देवीलाही सांगता आलं नसतं. आणि तो थर त्या दिवशी, करोनाची टाळेबंदी उठल्यावरचं पहिलं वर्ष ते, मंगळवार म्हणा शुक्रवार म्हणा, आपोआप सुटला. अख्खाच्या अख्खा. नारळाची करवंटी सुटते तसा. मी गॅलरीत पेपर वाचत होतो, खालून हाक आली, 'सर, जरा खाली या. देवीनं खोळ टाकली.' मला कळेना. मला वाटलं सापाची कात वगैरे असेल, मी काठी घेऊन उतरलो. तर ह्या उभ्या, केसांना पंचा — असो — आणि चौथऱ्यावर काळाभोर, तुकतुकीत, नुकताच जन्मल्यासारखा दगड, आणि बाजूला ती शेंदरी करवंटी, दोन-तीन तुकडे झालेली. घाबरल्या होत्या का? मला तेव्हा वाटलं घाबरल्यात. आता वाटतं तसं नसेल. त्या म्हणाल्या, 'देवीला वाटलं की टाकती. मानसाला न्हाई टाकता येत.'

आता इथे माझी मती कशी गेली बघा. मनुष्य हात जोडेल, हळदकुंकू आणेल. मी खाली वाकलो आणि तुकड्याची मोडलेली कड बघितली. आणि मॅडम, त्या कडेला रेघा होत्या. बारीक, एकावर एक, कांद्यासारख्या, खाज्याच्या पापुद्र्यासारख्या. आणि शेंदूर म्हणजे शेवटी काय, शिशाचा ऑक्साइड. म्हणजे धातूच की. माझ्या बोटांना खाज सुटली. निवृत्त होऊन किती वर्षं झाली होती, हात थरथरायला लागले होते, हे मशिन जुन्या लॅबनं भंगारात काढलं तेव्हा हौसेनं आणलेलं आणि नुसतं चादर पांघरून कोपऱ्यात. मला वाटायचं, आता आपल्याच्यानं एक नमुनासुद्धा धड व्हायचा नाही. आणि मी उभ्याउभ्या म्हणून गेलो, 'चंद्राबाई, मला ह्यातला एवढा, नखाएवढा तुकडा द्याल का? कापून, घासून बघतो.' त्यांनी माझ्याकडे असं बघितलं. 'देवीला कापनार?' मी म्हटलं, देवीला नाही, कवचाला. 'आन् कवच काय शेजारणीचं हाय?' माफी मागणार होतो, खरंच मागणार होतो, शब्द तोंडात होते, तेवढ्यात त्यांनी स्वतःच खाली वाकून एक तुकडा उचलला, पदरानं पुसला आणि मला दिला. म्हणाल्या, 'घ्या. पन एक सांगून ठेवती. देवीची खोळ पान्यात सोडायची आसती. समदी. ह्यातला कन बी वाया गेला न्हाई पायजे. तुमी घासनार, त्याची पूड निगनार, ती बी देवीच. मोरीत एक थेंब गेला तर मग म्या हाय आन् तुमी हाय.'

तुम्ही हसलात. तुम्हाला कळलं. सांगा बरं, तुमच्या लॅबमध्ये घासलेल्याचं काय करता? गटारात. सगळे गटारात. मी आयुष्यभर लोखंड, पितळ, शिसं, काय काय घासलं आणि त्यातलं जे उरलं ते नमुना, जे गेलं ते गेलं, त्याचा विचार माझ्या गुरूंनी केला नाही आणि गुरूंच्या गुरूंनीही केला नाही. आणि इथे एक बाई मला सांगते की जे गेलं तेही देवीच. मग काय, नळी मोरीतून काढली, बादलीत सोडली. तबकडीभोवती प्लास्टिक बांधलं, शिंतोडे उडू नयेत म्हणून. पेपर घासून झाला की तो बादलीत धुवायचा. माझे हात बादलीत. मखमलीचा तुकडा बादलीत. आणि ह्या सगळ्यावर लक्ष ठेवायला कोण? 'म्या बसनार हितं,' त्या म्हणाल्या, 'तुमचा काय भरवसा, तुमी इसरभोळं.' आणि खालून हा स्टूल घेऊन आल्या. तेव्हापासून हा इथेच.

दुपारी यायच्या, जेवणं आटोपली की. मांडीवर सूप, सुपात इंद्रायणी तांदूळ, खडे निवडायच्या आणि एक डोळा बादलीवर. मी त्यांना मास्क दिला, हातमोजे दिले, शिसं हे विष आहे, बोटाला लागलं तर पोटात जातं, असं व्याख्यान दिलं. त्या म्हणाल्या, 'जन्म गेला ह्या बोटानं शेंदूर लावन्यात, आन् ह्याच बोटानं भाकरी खाल्ली. मेली न्हाई.' मी म्हटलं, अहो पण हळूहळू परिणाम होतो. 'हळूहळू समदंच हुतं.' पण मास्क लावला हं. माझ्या समाधानासाठी लावला. आणि मास्कमधून बोलायच्या, आणि काय काय बोलायच्या, तुम्हाला काय सांगू. कोणाची म्हैस कोणाच्या टॉवरच्या पार्किंगमध्ये शिरली आणि वॉचमननं तिची रजिस्टरमध्ये नोंद कशी केली. मागच्या इमारतीतली पोरं रात्रंदिवस फोनवर इंग्रजीत भांडतात आणि चंद्राबाईंना वाटतं बायकोशी भांडतात, पण अमोल म्हणतो ते काम असतं. मी घासत असायचो, तबकडी फिरत असायची, पाणी शेंदरी होऊन बादलीत पडत असायचं, आणि मला हसू यायचं आणि हात स्थिर. हे माझ्या नंतर लक्षात आलं. हात थरथरत नव्हते. का ते मला माहीत नाही, मी धातूचा माणूस आहे.

किती दिवस लागले? असं विचारू नका. एरवी हे काम एका दुपारचं, शेंदूर तर लोखंडापेक्षा मऊ. पण काय व्हायचं, मी हजार नंबरच्या बारीक पेपरवर यायचो, भिंगातून बघायचो, आणि एखादा चरा दिसायचा. मागच्याच पेपरचा. आडवा. मग काय करणार? परत चारशेच्या खरखरीत पेपरवर. शास्त्र आहे. चंद्राबाई विचारायच्या, 'दिसती का अजून रेघ?' मी म्हणायचो, दिसते. 'कुटं?' ही काय, इथे, कडेला. त्या भिंग डोळ्याला लावून बघायच्या, बराच वेळ, आणि म्हणायच्या, 'व्हय की. हाय बारीक. घासा मग.' आता — दिसायची का ती रेघ? मला वाटतं दिसायची. चष्म्याचा नंबर तेव्हा जुना होता. पण त्यांनाही दिसायचीच ना. दोघांना एकच चूक कशी दिसेल? तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. तो पेपरचा दोष असू शकतो, स्वस्तातले पेपर होते.

शेवटी एकदा आरसा झाला. तसा कधी झाला नव्हता, नोकरीत असतानासुद्धा नाही. मी मायक्रोस्कोप लावला, आधी मी बघितलं आणि मग उठून त्यांना बसवलं. शेंदरी पट्टे, प्रत्येक थोडा वेगळा, कुठे पिवळट, कुठे रक्तासारखा. मधे मधे काळी रेघ, दिव्याची काजळी. एके ठिकाणी चांदीसारखं चमकणारं, बेगड लावली असणार कधीतरी सणाला. आणि वरवरच्या भागात करडा, मातकट थर, एकदा नाही, दर दोन पट्ट्यांमधे — समोरच्या टॉवरांचं सिमेंट. देवीनं तेही अंगाला लावून घेतलं होतं. आणि एका ठिकाणी एक काळा पट्टा, जाड, इतरांपेक्षा दुप्पट तिप्पट. मी म्हटलं, इथे काहीतरी झालंय, पुष्कळ दिवस शेंदूरच लागला नाही, नुसती धूळ बसली. त्या डोळा न काढता म्हणाल्या, 'मालक गेलं तवा म्या न्हाई लावला. भांडान हुतं माजं हिच्यासंगं.' मी म्हटलं, अहो पण तेच वर्ष कशावरून, शास्त्रीयदृष्ट्या असं सांगता येत नाही, थरावरून तारीख — आणि थांबलो. जन्मात एकदा कधी वेळेवर थांबलो असेन तर तेव्हा. त्या म्हणाल्या, 'मग परत कसा लावला ते बी हाय का बगा ह्यात.' मी बघितलं. काळ्या पट्ट्याच्या वरचा शेंदूर सगळ्यात जाड होता. तसं सांगितलं. त्या हसल्या. 'उधारी फेडली,' म्हणाल्या, आणि उठून सूप घेऊन खाली गेल्या, तांदूळ अर्धे सांडत.

हो, हो, येतो, मशिनवरच येतो. रफीकभाईंना सांगा, पाचच मिनिटं. हॉर्न नका वाजवू म्हणावं, खाली कुत्रं पिसाळतं.

तर मुद्दा बादलीचा. काम संपलं, नमुना झाला, आता बादलीतली देवी पाण्यात सोडायची. आणि इथे आमचं वाजलं. मी म्हटलं, चंद्राबाई, हे शिसं आहे, नदीत मी ओतू देणार नाही, मासे आहेत, गुरं पाणी पितात. त्या म्हणाल्या, 'पान्यातच सोडायची आसती.' मी म्हटलं, एवढीशी खोळ जमिनीत पुरा, सिमेंटमध्ये घाला, काहीही करा, पाण्यात नाही. 'पान्यातच.' त्या हटेनात, मी हटेना. बाकीची खोळ त्यांनी ती सुटली त्याच दिवशी संध्याकाळी नेली होती, कुठे ते मी विचारलं नव्हतं, नदीला नेली असणार असं धरून चाललो होतो आणि त्याचाही मला अपराध वाटत होता. शेवटी तोड निघाली ती अशी — पाण्याचा निकाल लागेपर्यंत बादली माझ्याकडे राहील. झाकण लावून. ती काय, गॅलरीत, तुळशीच्या शेजारी. पाणी आटलं, खाली शेंदराचा गाळ बसला, कोरडा झाला. आणि बादलीत देवी आहे म्हटल्यावर तिला नुसतं कसं ठेवायचं? म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी चंद्राबाई वर येतात. झाकणावर हळदकुंकू, जास्वंदीचं फूल. मग दम लागतो, मग स्टूलवर बसतात. मग मी चहा करतो, चहापत्ती घालून. मग बोलणं होतं. अमोल एकदा म्हणाला, 'आये, ती बादली खाली आन, हितं ठेव, तुला जिना कशाला?' तर म्हणाल्या, 'देवी यकदा बसली की हलवत न्हाईत.' तो म्हणाला, 'बादलीत?' त्या म्हणाल्या, 'तू गप.' इतकी वर्षं झाली, मॅडम. एक खेप चुकली नाही. गुडघे दुखतात त्यांचे, तरी.

आणि मग किमयाचं ठरलं. मी खाली गेलो सांगायला. चार दिवस धीर होत नव्हता, शेवटी गेलो. त्या ओट्यावर कोथिंबीर निवडत होत्या. मी म्हटलं, मुलीकडे चाललो, कायमचा, रविवारी. तुम्हाला म्हणून सांगतो, मला एवढंच ऐकायचं होतं की त्यांना काय वाटतं. इतकी वर्षं एका घरात राहिलो, राहा म्हणावं असा मी काही कुणाचा कोणी लागत नाही, पण माणसाला वाटतं. एक काडी निवडली, दुसरी निवडली. मग म्हणाल्या, 'मग देवीला पान्यात सोडावं लागंल.' बस्स. देवीला. मी म्हटलं, हो, सोडावं लागेल. मग म्हणाल्या, 'पानी चांगलं बगा. कुटं बी सोडू नका. न्हाई गावलं तर घाई करू नका.' मी वर आलो आणि माझ्या मनात आलं, म्हातारे व्हा बाबा आता, सामान बांधा, ह्या बाईला बादलीची काळजी आहे, तुमची नाही. आणि दुसऱ्याच दिवशी तुम्हाला फोन केला मशिनसाठी. तुम्ही लगेच हो म्हणालात, किती वाईट वाटलं मला. तुमच्याबद्दल नाही हो.

पण बादलीचा शब्द दिला होता. म्हणून काल मी कासारसाईला गेलो. रिक्षा करून, एकटा, हो, किमयाला न सांगता. तिथे चंद्राबाईंच्या नणंद असतात, गोजराबाई, माहेर त्यांचं हेच, ह्याच परड्यात वाढलेल्या, नव्वदीच्या आहेत पण खणखणीत. मला वाटलं, देवीच्या रीती ह्यांना माहीत, आणि तिथे धरण आहे, कुठलं पाणी चालतं, कुठला वार, नैवेद्य काय, सगळं नीट विचारून घ्यावं. शिशाचं काय करायचं ते मी बघणार होतो, काचेच्या बरणीत सीलबंद करून सोडली तर चालते का, हाही प्रश्न लिहून नेला होता. त्यांनी मला ओळखलं, 'वरचं सर न्हवं का तुमी, चंद्रीचं?' असं म्हणाल्या. मी म्हटलं, त्यांचा भाडेकरू. त्या म्हणाल्या, 'तेच.' आणि पाणी दिलं, आणि मी सगळी हकीकत सांगितली, तुम्हाला सांगितली तशीच, बहुतेक मंगळवारच म्हणालो असेन तिथेही, आणि शेवटी विचारलं की खोळ कुठल्या पाण्यात सोडावी.

अहो, तुम्ही उठलात? नाही नाही, बरोबर आहे तुमचं, उशीर झाला. पण मशिन राहू द्या. हो. राहू द्या म्हणतोय मी. आज नाही आणि रविवारीही नाही. तुम्हाला खेप पडली ह्याची मला लाज वाटते, हे पेपर घेऊन जा, नवे आहेत, ही हिऱ्याची पेस्टही घ्या, तुमच्या पोरांना काटकोनात फिरवायला शिकवा, आणि दुसरं मशिन मी तुम्हाला शोधून देतो, माझा शब्द. किमयाला फोन करायचाय, काय सांगायचं ते ठरलेलं नाही, पण करायचाय. आज वार कोणता? शुक्रवार ना? नक्की? मग ऐका — खालचं दार वाजलं. ही पायरी. ही दुसरी. मधे थांबतात त्या, गुडघ्यामुळे. तुम्ही इकडून, मागच्या जिन्यानं उतरा, रफीकभाईंना सांगा हॉर्न न वाजवता गाडी वळवा. जा, जा आता. गोजराबाई काय म्हणाल्या? हळू बोला हो. 'पान्यात?' म्हणाल्या, 'शेंदूर कुनी पान्यात टाकतं व्हय? मासं मरतील.' मी परत विचारलं, माझ्या कानांवर माझाच विश्वास नाही म्हणून, मग त्यांच्या थोरल्या मुलाला विचारलं, मग परत येताना इथल्या गुरवाला विचारलं, तिघांनी तेच सांगितलं — ह्या घरात देवीची खोळ पाण्यात सोडायची रीत कधीच नव्हती, ती त्याच दिवशी उंबराच्या बुडाशी पुरतात, आणि ह्याआधी देवीनं खोळ टाकली तेव्हा ती चंद्राबाईंनीच पुरली होती, स्वतःच्या हातानं.